न उजळलेली गाठ

भुईगाव, वसई
१२ ऑगस्ट २००७

प्रिय प्रिस्का,

तुझं पत्र आणि सोबतचा छापील लेख एप्रिलमध्येच मिळाला. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. इथं पाऊस थांबून थांबून पडतोय. वाडीतल्या केळी यंदा बऱ्या आल्यात, पण त्या वाळवून सुकेळी करायला कोणी नाही. परवा राँग नंबर लागला, तर त्या माणसाला मी त्याच्या गावचा पाऊस विचारला. बिचारा दोन मिनिटं सांगत राहिला. आईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी चर्चमधल्या मिस्साला लुसीमावशी आली होती. प्रिस्का हल्ली फोन का करत नाही, असं तिनं विचारलं. कामात आहे, म्हणालो.

तुझा लेख डिक्शनरी घेऊन तीनदा वाचला. तीस वर्षं सातवीला पेशी शिकवली, पण पेशीच्या आवरणात असा प्रथिनाचा पंप असतो हे मला ठाऊक नव्हतं. औषध आत शिरलं की ते प्रथिन त्याला बाहेर ढकलतं, म्हणून केमो लागू पडत नाही, इथवर समजलं. पुढचं समजायला वेळ लागला. ज्या पेशींत हे प्रथिन जास्त, त्यांच्यात स्कॅनसाठी टोचतात ती किरणोत्सारी साखरही कमी साठते, असं तुम्हाला दिसलं. साखर साठली नाही तर गाठ चित्रात उजळत नाही. म्हणजे औषधाला न जुमानणारी गाठच नेमकी अंधारात राहू शकते. आईच्या फुफ्फुसात हेच झालं असेल असं खात्रीनं सांगता येत नाही, असं तूच लिहिलंस. आणि लगेच खाली लिहिलंस, ‘मी सगळं ठीक आहे म्हणाले, म्हणून तुम्ही पुढे तपासायचं थांबलात.’

गेल्या वर्षीच्या जानेवारीतला तो स्कॅनचा दिवस मला आठवतो. सकाळपासून तिच्या पोटात चहाचा घोटही नव्हता. इंजेक्शन दिल्यावर तासभर तिला एकटीला खोलीत झोपवून ठेवलं, बोलायचीही मनाई. बाहेर आली ती हसत, आणि आधी मस्का-पाव मागितला. चित्रात काहीच उजळलं नव्हतं. तुला चित्रं पाठवून फोन केला तेव्हा तू रडलीस, सगळं ठीक आहे म्हणालीस, आणि मी सगळ्या आळीला सांगत सुटलो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिची पाठ पुन्हा दुखायला लागली. मोगऱ्याच्या कळ्या खुडताना मध्येच बसून राहायची. मी चिडलो. इतकं महागडं मशीन खोटं बोलेल का, असं विचारलं. ती उठून पुन्हा कळ्या खुडायला लागली. एप्रिलमधल्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आलो, साडीसुद्धा बदलली नव्हती तिनं. म्हणाली, “प्रिस्काला फोन लावा. तिला सांगा, पहिल्यासारखंच दुखतंय.”

मी फोन लावला नाही. तुझी परीक्षा तोंडावर होती, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे तू फोनवर काय म्हणशील याची मला भीती वाटत होती. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बोललो तिच्याशी. स्कॅन चांगला आहे, काळजी करू नका म्हणाली.” त्यानंतर आईनं पाठीचं नाव काढलं नाही. डॉक्टरचं ऐकलं नसतं तिनं, माझं तर नाहीच, पण तुझा शब्द तिनं मानला. पाच आठवडे. मग एका सकाळी तिला उठताच येईना.

प्रिस्काबाय, तू जानेवारीत जे बोललीस ते चित्र पाहून बोललीस. त्या एप्रिलमध्ये तू काहीच बोलली नव्हतीस. तुझ्या तोंडी ते मी घातलं. पाच आठवडे आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. पण तू आली असतीस. तिच्याजवळ बसली असतीस. ते मी तुम्हा दोघींकडून घेतलं. तू फोन करावास म्हणून हे लिहिलेलं नाही. वाचल्यावर कदाचित तू कधीच करणार नाहीस. पण जो दोष तुझा नाही तो घेऊन तू रोज त्या प्रयोगशाळेत जातेस, हे मला आणखी बघवत नाही.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा