संत हेरेविनेच्या दाढीचे प्रकरण

तीर्थरूप तोलीमामांच्या चरणी भाची लेव्हिवा हिचे, येथूनच गुडघे टेकून, वंदन.

आपला गुडघा आता वाकतो का? थोरामामींचा खोकला, आपली बदके आणि आपल्या चर्चच्या छपराला पडलेले भोक, या तिघांपैकी कोणाला उतार पडला ते अवश्य कळवावे. येथे मठात आम्ही सर्व भगिनी कुशल आहोत. पाणथळ मुलखातला ताप यंदा लवकर आटोपला; ईल मासे मात्र आटोपत नाहीत. उपवासाला तेच आणि उपवास सोडायलाही तेच.

पत्रास कारण की, मी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आहे. हे वाक्य वाचताना आपण बसलेले असाल तर कृपया बसूनच राहावे.

आपणास ठाऊकच आहे की आमच्याकडे देवाशी लॅटिनमध्ये बोलतात, मठमाता एमेलीन यांच्याशी फ्रेंचमध्ये आणि कोंबड्यांशी इंग्रजीत. जेवताना आम्ही मौन पाळतो व एक भगिनी उंच आसनावरून संतचरित्र वाचते. तेही अर्थात लॅटिनमध्ये, म्हणजे खालच्या बाकांवरच्या सेवेकरी बायकांना त्यातले संतांचे नाव तेवढे कळते आणि बाकीच्या वेळात डुलकी लागते. आमच्या मधमाश्या पाळणारी म्हातारी वुल्वरून मला एकदा विहिरीपाशी म्हणाली, “अगं पोरी, जन्मभर माझं मेण हिच्या नावानं जळतंय. या हेरेविनाबाईनं केलं तरी काय गं?” मी लाजून घागर उचलली आणि चालती झाले. (माझी जीभ ऐन वेळी टाळूला चिकटते हे आपण जाणताच.) हात मात्र चिकटत नाही. मी त्याच संध्याकाळी आमच्या मठाच्या संत हेरेविनांचे लॅटिन चरित्र पुढ्यात घेतले आणि वुल्वरूनला कळेल अशा भाषेत ते उतरवू लागले.

मठमातांनी एक अट घातली. भोजनगृहात एकदा वाचून पाहायचे. साधले तर दरवर्षी संतांच्या सणाला हाच ग्रंथ वाचला जाईल. फसले तर चर्मपत्रे खरवडून त्यांवर लॅटिन स्तोत्रे लिहायची आणि इंग्रजीचा विषय पुन्हा काढायचा नाही. ज्या वासरांनी त्या चर्मपत्रांसाठी प्राण दिले, त्यांच्याविषयी त्या फार हळव्या आहेत.

आता पुढचा अनर्थ समजण्यापूर्वी आपल्या भाषेची एक दुखरी जागा दाखवते. आमच्या या भागात पुरुषाला ‘ही’ म्हणतात. बाईलाही ‘ही’ म्हणतात. माणसांचा अख्खा जमाव असला तरी ‘ही’च. पूर्वी यांचे उच्चार वेगळे होते म्हणे. पण घासून घासून नाण्यावरचा राजा दिसेनासा व्हावा तसे झाले आहे. क्रियापदांच्या शेपट्यांकडे पाहून ओळखावे, तर त्याही झडत चालल्या आहेत. बोलताना कोणाचे अडत नाही, कारण आम्ही बोट दाखवतो. मी मात्र ते बोट न दाखवता लिहिले.

माझ्या ग्रंथात राजा सैन्यासह संतांच्या भेटीस येतो. ‘ही’ने घोड्यावरून उतरून दाढी कुरवाळली (म्हणजे राजाने). ‘ही’ने बिअरची तीन पिंपे रिचवली आणि ‘ही’ शिव्या देत चरात लोळली (म्हणजे सैन्याने). ‘ही’ने रात्रभर प्रार्थना केली (म्हणजे संतांनी). भगिनी गुन्नोरा यांनी हे सगळे एका सुरात, एका श्वासात वाचले. मौन असल्याने कोणी काही विचारू शकेना. वुल्वरूनने आधी डोळे विस्फारले, मग छातीवर क्रूस काढला आणि मग तिच्या नाकातून मटाराचे सूप बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून भगिनी संतांच्या मूर्तीसमोरून जाताना, मौनात बोलायच्या ठरलेल्या हातखुणांत कोठेही न बसणारी एक नवी खूण करू लागल्या: हनुवटीखाली चार बोटे, म्हणजे दाढी.

मठमातांनी मला सर्वांसमक्ष उभे केले.

“तुझ्या भाषेत पुरुष, बाई आणि घोळका एकच का गं?”

“बोलताना हात दाखवता येतो, माते.”

“आणि कातड्याला हात असतात?”

त्या फ्रेंचमध्ये पुढे म्हणाल्या, “ही भाषा गुरांच्या मागे जायला ठीक आहे. पुस्तकात शिरली की अशी लोळते.” मामा, तेव्हा मला राग आला. मला राग येतो हे मलाच नवीन होते. जिभेने नेहमीचा दगा देण्याआधीच मी म्हणून गेले, “संत मार्टिनच्या सणापर्यंत मुदत द्या. मी हिला उभी करते.” त्यांनी मुदत दिली, बहुधा आश्चर्याने.

त्या क्षणी मला आईची आठवण झाली होती. आपल्याकडची, उत्तरेची माणसे जमावाला ‘ही’ म्हणत नाहीत. जहाजांतून आलेल्या आपल्या पूर्वजांचा ‘दे’ हा शब्द वापरतात. आणि बाईला ‘शी’. आई इकडे नांदायला आली तेव्हा यावरून या दक्षिणी मुली तिला ‘मेंढरांची पंडित’ म्हणून चिडवत. तेच दोन शब्द आता मी ग्रंथात घालते आहे. प्रत्येक ‘ही’ सुरीने खरवडायचा, तो कोणाचा हे ठरवायचे आणि तेवढ्याच जागेत त्याहून रुंद शब्द कोंबायचा, असे चालले आहे. एके ठिकाणी सुरी आरपार गेली व पलीकडच्या पानावरच्या चित्रातला बिशप एका डोळ्याने आंधळा झाला. भगिनी गुन्नोरा पहिले पान पाहून म्हणाल्या, “शी? ही भाषा आहे की नाक मुरडणं? आणि हे ‘दे, दे’ काय? आपण काय वेशीवर भीक मागायला बसलोय?” मी मान खाली घातली आणि पुढचा ‘ही’ खरवडला. त्यांना हसू दे. वुल्वरूनला हेरेविना कोण होत्या हे कळल्याखेरीज मी ही सुरी खाली ठेवणार नाही.

मामींना नमस्कार सांगावा. बदकांना, झेपेल त्या भाषेत, आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक
लेव्हिवा

ता. क. हे शब्द कोणाच्या आधाराने घेतलेस, असे मठमातांनी विचारले. तेव्हा मी “लिंकन शहराच्या वरच्या अंगाला एक थोर वैयाकरण आहेत” असे म्हटले. त्यांनी त्या वैयाकरणांना मार्टिनच्या सणाचे आमंत्रण दिले आहे. मामा, ते वैयाकरण आपण आहात. खरे तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतले होते. कृपया यावे, स्वच्छ झगा घालून यावे, लॅटिन शक्य तितके कमी बोलावे आणि मधूनमधून गंभीरपणे मान हलवावी.

ता. क. दुसरा. पत्राला लाख लावणार इतक्यात अंगणात गलका झाला. गवळणीच्या हातून तीन गायी सुटून मठमातांच्या वाटाण्यात शिरल्या होत्या. मठमाता ओट्यावरून, आपल्या त्या मोडक्या इंग्रजीत, गवळणीवर कडाडल्या: “‘दे’ आत शिरल्याच कशा?” गवळणीने काही न विचारता गायी बाहेर काढल्या. कोणी हसले नाही. कोणाच्या काही लक्षातही आले नाही. मठमातांच्या तर नाहीच.

मामा, आपण नाही आलात तरी चालेल.