मिरजेपर्यंत कोळशाचं इंजिन

आबा, तुम्ही असता तर हा निर्णय तुमच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. आमची पर्यटन कंपनी कोल्हापुरातून पार राजस्थानपर्यंत जुन्या इंजिनांची सहल काढतेय, आणि कुठल्या टप्प्याला कुठलं इंजिन जोडायचं ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ड्रायव्हरची मुलगी ना! राजारामपुरीतल्या ऑफिसात दोन्ही इंजिनांचे फोटो भिंतीवर लावलेत. एक कोळशाचं, काळंभोर, रुबाबदार. दुसरं डिझेलचं, पत्र्याच्या कपाटासारखं. साहेबांना अख्ख्या वाटेवर कोळशाचंच हवंय. "लोक धूर बघायलाच येणार की, ताई!" मी एकटीच डिझेलच्या बाजूनं भांडतेय, आणि वाफेवरच्या ड्रायव्हरची लेक डिझेल मागते म्हणून सगळे हसतात. हसू देत. त्यांनी आपलं परडं कुठं पाहिलंय?

तुम्ही ड्यूटीवरून येताय. पुढच्या दारानं नाहीच, मागनं, परड्यात. आईनं बंब पेटवून ठेवलाय. मी धावत सुटते आणि तुम्ही दोन्ही हात वर करून ओरडता, "लांब हो! झगा काळा हुईल!" मग रॉकेलनं हात चोळायचे, मग साबण, मग पुन्हा रॉकेल. तोवर आई मला दंडाला धरून ठेवायची. "थांब गं, तुझं आबा अजून आलं न्हाईत, नुसता कोळसा आलाय," म्हणायची, आणि तुम्ही खोकत खोकत हसायचात. तुमचं आवरेपर्यंत कितीदा तरी मी झोपून जायची. फार राग यायचा मला त्या इंजिनाचा.

मग तुम्हाला डिझेलवर घेतलं. त्या दिवशी पेढे घेऊन तुम्ही पहिल्यांदाच ड्यूटीवरून थेट पुढच्या दारानं आलात. "आता कुणाला हात लावायची बंदी न्हाय!" म्हणत मला तसंच उचललंत. आईनं डोळ्यांना पदर लावला. पुढं कुणी वाफेच्या आठवणीनं उसासा टाकला की तुम्ही झापायचात, "उन्हाळ्यात फावडं मारून बघ म्हणावं एकदा!" तुमचं तेच बोलणं धरून मी आठवडाभर हट्ट केला. शेवटी साहेब वैतागले, म्हणाले, "तुम्हीच काय ते ठरवा."

आज ठरवलं. लांबचा सगळा प्रवास डिझेलवर. फक्त कोल्हापूर ते मिरज कोळशाचं. साहेबांना सांगितलं, सुरुवातीला जरा थाट हवा. तुम्हाला मात्र खरं सांगते, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही म्हणून. त्या दिवशी तुम्ही उचललंत तेव्हा मी रडले, आणि तुम्हाला वाटलं, दाढी टोचली. तसं नव्हतं, आबा. तुमच्या अंगाला धुराचा वास येत नव्हता, आणि मला वाटलं, हे माझे आबा नव्हेतच.