पाय तळाला टेकवून

२ मे, सोमवार. सकाळी ९.२०
या उन्हाळ्यात कुणाचंही ऐकायचं नाही. नक्की.
कॉलेज सोडून आज बेचाळीस दिवस झाले. नातेवाईक म्हणतात, काढलं. काढलेलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी जर्नल तिसऱ्यांदा लिहायला सांगितलं. मी ते खिडकीतून बाहेर टाकलं आणि दारातून स्वतः बाहेर पडलो. याला सोडणं म्हणतात.
ताई दोन मुलं घेऊन महिनाभर राहायला आली आहे. तिचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं. ती मीटिंगमध्ये असली की मुलं टेबलाखाली कुस्ती खेळतात. आई म्हणाली, तू रिकामाच आहेस, त्यांना रोज कुठेतरी बाहेर ने, जवळपास, आणि फार खर्च नको. मी स्पष्ट सांगितलं की मी रिकामा नाही, विचार करतोय. मुलं सांभाळणार नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७
नेली. एकदाच. पाण्याच्या टाकीजवळची बाग, तिकीट नाही, घसरगुंडी तव्यासारखी तापलेली. भाची नऊ वर्षांची. तिला घरात वकील म्हणतात, कारण ती उत्तर ऐकायच्या आधी उलटतपासणी सुरू करते. मामा, तू नापास झालास की पळालास, असं तिने सी-सॉवर बसून विचारलं. भाचा पाच वर्षांचा, पोतं. चालायचं म्हटलं की जागच्या जागी बसतो आणि मग पोत्यासारखाच खांद्यावर टाकून आणावा लागतो. आणला. उद्यापासून बंद.

३ मे, मंगळवार. रात्री ८
वकिलाने बागेच्या फाटकावरची नोटीस वाचली होती. खाणीमागचा डोह मुलांसाठी मेभर खुला, प्रवेश मोफत, प्रशिक्षक हजर. घरून चालत वीस मिनिटं. पोतं असेल तर चाळीस. डबा घरचा, ब्रेड-जॅम आणि केळी. गेलो ते आईने सांगितलं म्हणून नाही. उकडत होतं म्हणून.
तिथे ती होती.
गळ्यात शिट्टी, डोक्यावर उडालेल्या रंगाची टोपी. पाण्यात दंगा करणाऱ्या चौदा पोरांना तिने एका शिट्टीत गप्प केलं. आमच्या कॉलेजात हे प्राचार्यांना जमत नव्हतं. सगळी पोरं तिला शिट्टीताई म्हणतात. मी अहो म्हणालो. ती म्हणाली, ताई म्हणा, इथे सगळे म्हणतात. मी ताई म्हटलं नाही. काही शब्द एकदा तोंडातून गेले की परत घेता येत नाहीत.
उद्यापासून रोज. मुलांना मोकळी हवा मिळायला हवी.

५ मे, गुरुवार
डोहाचे नियम. काठाजवळ दोरी बांधली आहे, ज्याला पोहता येत नाही त्याने दोरीच्या आत. जो इथून समोरच्या काठापर्यंत न थांबता पोहत जाईल त्याला मनगटावर निळी पट्टी. पट्टीवाल्यांना ती एकोणतीस तारखेला, रविवारी, वरच्या डोहावर नेणार. टेकडी चढून जायचं, झाडी, सावली, दिवसभर. मोठ्यांनाही चालतं, पट्टी हवी. एकतीसला तिचं इथलं काम संपतं. मग ती तिच्या गावी.
म्हणजे जे काय बोलायचं ते एकोणतीसला, वरच्या डोहावर.
तिने विचारलं, पोहता येतं ना. मी म्हणालो, लहानपणापासून. लहानपणी मी बादलीत पाय सोडून बसत असे. अगदीच खोटं नाही.
मग पट्टीची परीक्षा द्या, ती म्हणाली. मी म्हणालो, परीक्षा या प्रकारावरचा माझा विश्वास उडालेला आहे. ती हसली. दात छान आहेत.

८ मे, रविवार
स्टुलावर पोटावर पडून हात मारायचा सराव. फोनवर व्हिडिओ समोर. बाबा आत आले, बघत उभे राहिले, म्हणाले, कॉलेज अर्ध्यात सोडलंस, निदान स्टूल तरी पार कर. मी हात मारत राहिलो. स्टूल कलंडलं, ते वेगळं.

१० मे, मंगळवार. दुपारी ३
शोध लागला.
दोरीच्या आत पाणी माझ्या छातीपर्यंत. गुडघे थोडे वाकवून तळाला पाय टेकवत चालायचं आणि वर हात पोहल्यासारखे मारायचे. काठावरून अगदी पोहणं दिसतं. पोतं म्हणालं, मामा मासा. शिट्टीताईने पाहिलं आणि म्हणाली, पाण्यात इतका शांत चेहरा तिने कुणाचाच पाहिलेला नाही.
हे ज्यांना कळेल त्यांनाच कळेल.

११ मे, बुधवार
शेजारच्या आणखी तीन पोरांच्या आयांनी आपापली पोरं माझ्या स्वाधीन केली. एक म्हणाली, तुझं काय चाललंय सध्या असं विचारायची सोयच राहिली नाही बघ. याला मी कौतुक समजतो. आता पाच पोरं, दोन डबे, एक मी. रस्ता ओलांडताना साखळी करतो. साखळीच्या शेवटी पोतं, म्हणजे माझा खांदा.
डोहावरची सगळी पोरं मला मामा म्हणायला लागली आहेत.

१३ मे, शुक्रवार
मोहीम सुरू. दोरीपलीकडे खोल आहे हे खरं, पण सगळीकडे नाही. पोरांना गोळ्यांचं आमिष दाखवून लांब काठीने तळ चाचपायला लावला. जुन्या खाणीतले सपाट दगड तळाला पडलेले आहेत, एकापुढे एक, या काठापासून त्या काठापर्यंत. अकरा दगड. त्यांच्यावर पाणी माझ्या खांद्यापर्यंत. मधे वळण आहे, सातव्यावरून आठव्यावर उजवीकडे. वहीच्या मागे नकाशा काढला.
कोलंबसाने काय वेगळं केलं होतं.
परीक्षा द्यायची. तत्त्व सोडून नाही. परीक्षकाच्या नाकावर टिच्चून देणं हाही विरोधच.

१५ मे, रविवार
वकिलाने आज निळी पट्टी मिळवली. बारा दिवसांत. कुणाला न सांगता तिकडे गेली आणि परत आली. शिट्टीताईने तिची पाठ थोपटली. मीही थोपटली. वकील म्हणाली, मामा, तू कधी. मी म्हणालो, मोठ्या माणसांचं वेळापत्रक असतं. तिने विचारलं, कुठलं.

१६ मे, सोमवार
तारीख ठरवली. बावीस, रविवार. स्वतः जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं मामा.
ती मला मामा म्हणाली. पोरांच्या सवयीने जीभ घसरली असणार.
वरच्या डोहावर काय बोलायचं ते लिहून काढलं. दोन पानं झाली. कापून अर्ध्या पानावर आणलं. शेवटचं वाक्य चांगलं जमलंय, तेवढंच बोललो तरी पुरे.

१८ मे, बुधवार
अनर्थ टळला. वकिलाचा अंगठा काठाजवळच्या दगडावर आपटून फुटला. ताईने मीटिंग अर्धवट सोडली, यावरून कळावं. म्हणाली, बास झाली ही डोहाची थेरं, उद्यापासून बाग. मी म्हणालो, हा बेजबाबदार व्यवस्थेचा प्रश्न आहे, मी बघतो. ताई म्हणाली, तू बघतोस म्हणूनच काळजी वाटते.
डोह बंद म्हणजे रविवार बंद. रविवार बंद म्हणजे सगळंच.
नगरपालिकेच्या बागखात्यात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज मागितला. लिहिला. माझी भाषा तापली की जोरदार होते, हे मला माहीत आहे. लहान लेकरांच्या रक्ताने डोह लाल होण्याची आपण वाट पाहत आहात काय, असं लिहिलं. कारकुनाने चष्मा वर करून पाहिलं. मी हटलो नाही. शिक्का घेऊनच निघालो.
संध्याकाळी ताईला शिक्का दाखवला. तिने रविवारपर्यंत मुदत दिली.
एक माणूस उभा राहिला तर काय होऊ शकतं हे या घराला अजून कळायचं आहे.

२० मे, शुक्रवार
डोह दोन दिवस बंद, काम चालू. फाटकावर तशी पाटी. माझ्या अर्जामुळे. रखवालदार म्हणाला, बारा वर्षांत पहिल्यांदा खातं इतक्या लवकर हललं, साहेब घाबरले म्हणे कागद वाचून.
मुलांना टाकीच्या बागेत नेलं. रस्त्यातल्या प्रत्येकाला पाटीबद्दल सांगितलं.
बाबांनाही सांगितलं. रात्री भाजी वाढून घेताना म्हणाले, बरं लिहितोस. बाबा असं बोलत नाहीत.

२१ मे, शनिवार. रात्री १०
नकाशा पाठ. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, उजवीकडे, आठ. डोळे मिटूनही जमेल. केस कापून आलो. उद्या पट्टी, पुढच्या रविवारी ती.

२२ मे, रविवार. दुपारी २
घडलं ते क्रमाने लिहितो. माझ्याकडून कुठे चूक झाली असेल तर सापडावी म्हणून.
दहा वाजता सगळी पोरं काठावर. ताईही आली होती, दगड काढले का ते बघायला. शिट्टीताईने शिट्टी वाजवली. मी दोरीखालून पलीकडे गेलो. पहिल्या दगडावर पाय ठेवला.
पहिला दगड नव्हता.
दुसरा असेल म्हणून पुढे गेलो. या निर्णयाचं मी अजूनही समर्थन करतो.
खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली. दुसऱ्यांदा वर आलो तेव्हा रखवालदार काठावरून मोठ्याने कुणाला तरी सांगत होता की अर्जात सर्व दगड असं लिहिलं होतं, मग यंत्र लावून सर्व काढले. मी तसं लिहिलं होतं. काठाजवळचे चार दगड म्हटलं की अर्ज मिळमिळीत वाटत होता. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी पायाखालचे अकरा सरकारी खर्चाने काढवून घेतले.
मग कुणीतरी माझी मान धरली. ती होती. वकील ट्यूब घेऊन मागून. दोघींनी ओढून आणलं. पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं हाही खेळ आहे.
काठावर ती माझ्यावर वाकली होती. टोपी नव्हती. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं. अर्ध्या पानातलं शेवटचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पाणी आलं. बरंच आलं. ताई माझी पाठ चोळत होती आणि रडत होती, आणि मधेच गाढवा म्हणत होती.
मला श्वास घेता यायला लागल्यावर शिट्टीताई म्हणाली, तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पोहणाऱ्याचे केस भिजतात म्हणे. माझा भांग रोज जसाच्या तसा घरी जात होता.
मग आधीच का नाही बोललात, असं मी विचारलं. ती म्हणाली, दोरीच्या आत होतात तोवर काय बिघडत होतं. आज मात्र नजर हलवली नाही. शिट्टी वाजवायच्या आधीच चप्पल काढून ठेवली होती.
एकोणतीसचं विचारलं. पट्टीशिवाय नाही. माझ्याकडे बघून नाही म्हणाली, कठोरपणे नाही, पण नाही. मामा, तुम्हाला आधी पाण्यावर राहता यायला हवं.
दुसऱ्यांदा मामा. जीभ घसरलेली नव्हती.

त्याच दिवशी. रात्री ९
घडल्या प्रकाराचा फॉर्म भरावा लागतो. माझ्या हाताखाली कागद भिजत होता, म्हणून वकिलाने भरला. बुडालेल्याचे नाव, तिथे मी. शिक्षण, तिथे तिने अर्धे लिहिलं. सोबतची जबाबदार व्यक्ती, तिथे स्वतःचं नाव, वय नऊ, आणि खाली सही. शिट्टीताईने वाचलं आणि शिक्का मारला. मी हरकत घेतली. दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही.
ताई घरी कुणाला काही सांगणार नाही म्हणाली. पोत्याने दारातूनच सांगितलं. आई देवापाशी जाऊन बसली. बाबा टॉवेल घेऊन आले आणि माझं डोकं पुसत राहिले. मी म्हणालो, सुकलंय केव्हाच. ते म्हणाले, असू दे.

२३ मे, सोमवार
कुठेही गेलो नाही. मुलांना ताईने नेलं. परत येताना पोत्याला स्वतः उचलून आणावं लागलं, म्हणून आता ती माझ्याशी आदराने बोलते आहे.
शिट्टीताईचा निरोप आला, वकिलाकरवी. उद्या सकाळी सातला छोट्यांची बॅच. वयोगट पाच ते आठ. मोठ्यांसाठी वेगळी नाही. मी कळवलं की हा अपमान आहे. वकील म्हणाली, मामा, तुझा होकार मी आधीच कळवलाय.

२४ मे, मंगळवार. सकाळी ९
गेलो. विरोध नोंदवायला.
सात पोरं आणि मी एका ओळीत. पाणी माझ्या मांडीपर्यंत. आडवं व्हायचं, ती हनुवटीखाली हात धरते, मग पाय सोडायचे. माझी पाळी आली. हनुवटीखाली तिचा हात. तीन आठवडे ज्याच्यासाठी पाच पोरं, दोन डबे आणि एक पोतं वाहिलं, तोच. ती म्हणाली, मामा, सोडा पाय. मी सोडले. तिने हात काढला. मी तीन आकडे तरंगलो. मोजणाऱ्या मुलाचा पुढचा दात पडलेला आहे, तो चार म्हणतो, पण मी तीनच धरतो. मग तळ.
पोतं नऊ तरंगलं. त्याला चालायचं नसतं, म्हणून जमतं.
उद्या पुन्हा सातला या, असं ती सगळ्यांना म्हणाली. मी उद्या सातला जाणार नाही. सांगितल्या वेळेला हजर राहायला मी काय कॉलेजात आहे.
पावणेसातला जाईन.