काचेची पट्टी

४ ऑक्टोबर

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं प्लास्टर काय म्हणतंय? वहिनीच्या पत्रातून कळलं की तू पलंगावर बसून काठीने दिवा बंद करतोस आणि तिच्यावर हुकूम सोडतोस. या वयात माळ्यावर चढायला तुला सांगितलं कुणी होतं? आता बस दीड महिना.

आज लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी. तू तीस वर्षं इमारत खात्यात ओव्हरसिअर होतास, म्हणून तुलाच विचारते. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर भलामोठा खड्डा खणायला घेतलाय. तेव्हापासून आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला चीर पडली आहे. वर छताजवळ माझी करंगळी जाईल एवढी, आणि खाली येता येता पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक. पलंग त्याच भिंतीला लागून आहे आणि भिंतीकडची बाजू माझी.

मी डोकं खाल्लं तेव्हा घरमालकाने एक इंजिनिअर पाठवला. तरुण आहे, बोलायला बरा. त्याने चिरेवर आडवी काचेची पट्टी ठेवली, दोन्ही टोकांना प्लास्टर थापलं, दाराशी उभा राहून ह्यांना काहीतरी समजावलं आणि जाता जाता मला म्हणाला की काळजी करू नका, सध्या आपण वेट अँड वॉच करू. दादा, वेट अँड वॉच म्हणजे माणसाने नक्की काय करायचं असतं रे? शब्द कळतात, पण त्यात मी काय करू ते कळत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, काही करायचं नाही, हाच त्याचा अर्थ.

हे खाली दुकानात दिवसभर तसबिरींच्या चौकटी ठोकतात, काचा कापतात आणि वर येऊन मला म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी दुपारी शाळेतून आले की जरा आडवी होते, तर भिंतीत टक् असा आवाज येतो. ताडकन उठून बसते. झोप तर उडालीच आहे. काल पट्टीवरची धूळ पुसताना बोट कापलं, तेही शिवण शिकवणाऱ्या बाईचं! वर्गातल्या मुली हसल्या.

लवकर लिही. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
बारकी

---

९ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी पाल पडली तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस, ती सवय अजून गेलेली नाही असं दिसतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हे शब्द मी तीस वर्षं फायलींवर लिहिलेत. डॉक्टरला आजार कळला नाही की तो म्हणतो वेट अँड वॉच. साहेबाला सही करायची नसली की साहेब म्हणतो. मुलीला स्थळ पसंत आहे की नाही हे सांगायचं नसलं की तिचा बापही हल्ली हेच म्हणतो. नुसतं ‘काही करत नाही’ म्हटलं तर लोक शिव्या देतात, इंग्रजीत म्हटलं की मान डोलावतात. तेव्हा भावोजींनी सांगितलेला अर्थ अगदीच चुकीचा नाही.

ती काच का लावतात ते मात्र सांगतो. चीर जुनी आणि थांबलेली असेल तर काच तशीच राहते. भिंत हलत असेल तर आधी काच तडकते, कारण काचेला ताण सोसत नाही. तडकली की त्याच दिवशी इंजिनिअरला कळवायचं, बस. तुझी पट्टी शाबूत आहे ना? मग आपल्या वयात भिंतींनाही सुरकुत्या पडायच्याच. पलंग हवा तर दुसऱ्या भिंतीला सरकव आणि स्वस्थ झोप.

माझ्या पायाला आत खाज सुटते आणि तुझी वहिनी विणायची सुई देत नाही. माझे हाल कुत्रं खात नाही. भावोजींना नमस्कार सांग. लोभ तुझा आहेच, वाढला तरी तक्रार नाही.

तुझा,
दादा

---

२१ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने धीर आला. दोन दिवस टिकला.

पलंग सरकवायला दुसरीकडे जागा नाही, कपाट कुठे ठेवू? आता तर कपाटाचं दारच लागत नाही, मध्येच अडतं. न्हाणीघराचं दारही अडायला लागलं तेव्हा ह्यांनी रंधा मारून दिला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची फरशी फुगली आहे. त्या बिचाऱ्या दोन लेकरं घेऊन राहतात, रोज जिन्यात ह्यांना विचारतात की काच कशी आहे. हे सांगतात, ठणठणीत.

ते इंग्रजी शब्द सगळ्या इमारतीच्या तोंडी बसलेत. नळ गळतोय, वेट अँड वॉच. दूधवाला आला नाही, वेट अँड वॉच. भाजीत मीठ कमी पडलं असं मी म्हटलं तर हे म्हणाले, जरा वेट अँड वॉच कर, मुरेल. हसू येतं आणि हसता हसता भीती वाटते. हे बाहेर बोलतात फार, पण घास तोंडात घेऊन बघत बसतात. कालपासून दुकानात मी गेले की काहीतरी खणात सरकवतात. विचारायचा धीर झाला नाही.

पट्टी मात्र शाबूत आहे, देवाची कृपा. मी रोज सकाळी बोट फिरवून बघते. आता तर धूळ पुसताना बोटही कापत नाही, कडा कशा छान गुळगुळीत झाल्यात. पुसून पुसून झाल्या असतील, नाही का? प्लास्टरही कसं पांढरंफेक दिसतं, काल लावल्यासारखं.

दादा, खरं सांग, चीर वर रुंद आणि खाली बारीक असली तर काही वाईट असतं का? मागच्या पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

लोभ ठेव. जरा जास्तच ठेव.

तुझी,
बारकी

---

२४ ऑक्टोबर

चि. बारके,
आशीर्वाद.

हे पत्र आमच्या खालच्या बिऱ्हाडाचा ड्रायव्हर घेऊन येतोय. उद्या सकाळी त्याची बस तुमच्याकडे येते, तो शाळेत तुझ्याच हातात देईल. शाळेचा फोन लागत नाही. दुकानात मी आज तीनदा फोन केला, तिन्ही वेळा भावोजींनी उचलला आणि सगळं ठीक आहे म्हणून ठेवला. म्हणून घरी लिहीत नाही.

नीट वाच. काच पुसून गुळगुळीत होत नाही. शंभर वर्षं पुसलीस तरी नाही. भिंतीवर लावायच्या पट्टीच्या कडा कुणी घासत बसत नाही, इंजिनिअर नाही, गवंडी नाही. घासतो तो तसबिरी करणारा, दगडावर, पाणी टाकून, गिऱ्हाइकाचं बोट कापू नये म्हणून. तुझ्या भिंतीवर आहे ती इंजिनिअरची पट्टी नाही. ती तुटली. तिच्या जागी दुसरी लागली, आणि दुसरीच्या जागी कितवी, ते तुझ्या नवऱ्याला विचार.

घरात पाय ठेवू नकोस. आधी इंजिनिअरकडे जा. तो भेटला नाही तर अग्निशमन दलाकडे जा. नर्सबाईंना आणि त्यांच्या लेकरांना बाहेर काढ, सगळी बिऱ्हाडं काढ. भावोजींवर मागाहून ओरड.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. हो, वाईट असतं. वर रुंद आणि खाली बारीक म्हणजे भिंत खड्ड्याकडे कलते आहे. हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, तू इतकी लांब, उगाच कशाला घाबरवायचं, काच आहेच की, असं मी मनाशी म्हटलं आणि सुरकुत्यांचा विनोद केला. त्या इंग्रजी शब्दांत ‘थांबा’च्या पुढे ‘नजर ठेवा’ही आहे, पण आम्ही खात्यात सगळे पहिल्यापाशीच थांबायचो. तुझ्या बाबतीतही मी तेच केलं. कालपासून माझ्या तोंडचं पाणी पळालंय. काठीच्या आधाराने उभं राहताना दोनदा पडलो.

बाहेर पडलीस की लगेच कळव. तोवर जीव टांगणीला आहे.

तुझा,
दादा

---

२७ ऑक्टोबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

बारकी सुखरूप आहे. आम्ही सगळे शाळेच्या हॉलमध्ये आहोत. ती लिहीत नाही, माझ्याशी बोलतही नाही, म्हणून मी लिहितो.

परवा ती तुमचं पत्र घेऊन आली. जिना चढली नाही. दुकानाच्या दारात उभी राहून तिने नुसता हात पुढे केला. मी खण उघडला. त्यात तीन पट्ट्या होत्या, तिन्ही मधोमध तडकलेल्या. तिने रुमालात बांधल्या आणि रिक्षा करून इंजिनिअरकडे गेली. त्याने येऊन भिंत बघितली आणि संध्याकाळच्या आत इमारत रिकामी केली.

पहिली काच आठव्या दिवशी तडकली. त्या दुपारी बारकी कितीतरी दिवसांनी शांत झोपली होती. तिला उठवून सांगायचं माझ्याने झालं नाही. काच कापायची हिरकणी हातात होतीच, पट्टी कापली, सवयीने कडा घासल्या आणि लावून टाकली. म्हटलं, सोमवारी सांगू. सोमवारी सांगितलं तर दुकान सोडावं लागणार, बावीस वर्षांचं दुकान, जायचं कुठे? मग दुसरी तडकली, पाच दिवसांत. मग तिसरी, तीन दिवसांत. काच बदलली की तेवढ्यापुरती भिंत बरी झाल्यासारखी वाटायची, दादा. तुम्हाला वेड्यासारखं वाटेल. इंजिनिअरने नोंदीसाठी माझ्याकडे दिलेल्या वहीत ‘काच शाबूत’ म्हणून मीच सही करत होतो. नर्सबाईंची धाकटी मला काका म्हणते. तिच्या तोंडावर मी ठणठणीत म्हणून सांगत होतो.

शिक्षा काय द्यायची ती द्या. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

आपला,
बारकीचा नवरा

---

९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. आता माळ्याकडे बघूसुद्धा नकोस.

भिंत मंगळवारी पडली, दुपारी, माझ्या आडवं होण्याच्या वेळी. समोरच्या फुटपाथवर आम्ही सगळे उभे होतो. हे सकाळपासून एकच हट्ट धरून बसले होते, की दोन मिनिटं आत जाऊन हिरकणी घेऊन येतो. दुकानाची किल्ली माझ्या मुठीत होती. मी मूठ उघडली नाही. मग मोठा आवाज झाला आणि धूळ बसल्यावर रस्त्यावरून आमचा पलंग दिसला, उघड्यावर, विटांखाली, माझ्या बाजूने मोडलेला. नर्सबाईंनी दोन्ही लेकरांचे डोळे झाकले. हे फुटपाथवर खालीच बसले. त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलले. काय बोलले ते विचारू नकोस.

तू लिहितोस, ‘मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं,’ आणि हे म्हणतात, ‘सगळा दोष माझा.’ दोघं भांडू नका, त्यात मलाही घ्या. तीस वर्षं बोटांनी शिवण शिकवते मी, मला कड कळत नाही? ह्यांनी घासलेली काच मी डोळे मिटून ओळखेन, घरातल्या प्रत्येक तसबिरीला तीच कड आहे. बदलल्यावर पहिल्याच दिवशी ओळखली. पण ओळखली असं म्हटलं की पुढचं सगळं करावं लागलं असतं. म्हणून तुला लिहिलं, गंमत केल्यासारखं, की कुणीतरी दुसऱ्याने बोलावं. तू बोलला नसतास तर मी अजून त्या भिंतीशी झोपले असते का, हे मी रोज स्वतःला विचारते.

आम्हाला आता दोन खोल्या मिळाल्यात. मोरीच्या भिंतीला केसाएवढी चीर आहे. घरमालक म्हणतो जुनी आहे, काळजी नको. ह्यांनी तिच्यावर पट्टी लावली आणि कडा घासल्या नाहीत. मी रोज सकाळी बोट फिरवते. आज बोट कापलं. मी ह्यांना हाक मारून दाखवलं, काच अजून तीच आहे म्हणून, आणि ह्यांनी बोटाला चिंधी बांधली.

काठी घेऊन का होईना, एकदा ये. लोभ आहे हे कळलंच, आता डोळ्यांनी बघू दे.

तुझी,
बारकी