एकाच फेरीत

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज तुझ्याशी बोलावंसं वाटतंय ते पेट्रोलमुळे. हसू नकोस. जिला तू पेणच्या आपल्या खोलीत पहिली आंघोळ घातलीस, ती माझी मुलगी आता गडबला सासरी आहे आणि तिला नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे, वरसेला. रविवारी तिचा फोन आला, "आई गो, कधी येताय न्यायला?" आमची जुनी गाडी तेव्हा दारातच उभी होती. पण पेट्रोल वाढल्यापासून गाडी काढायची म्हटली की या घरात बैठक बसते. लग्नाला एकानेच एसटीने जायचं, दवाखाना आणि बाजार एका दिवशी उरकायचा. हे म्हणाले, "शुक्रवारी पेणला गणपती आणायला जायचंच हाय. गडब वाटेवर. येताना गणपती आणि पोरगी, दोघांना घेऊन येऊ, वेगळी फेरी कशाला?" कारखान्यात आमचा पाट केव्हाच देऊन ठेवलाय, मूर्ती त्यावर तयार आहे. मलाही पटलं. मी तिला सांगून टाकलं की गाडी गॅरेजला आहे, शुक्रवारी येतो. ती हसली, "बरंय! पोटात बाळ, मांडीवर गणपती. माझीच मिरवणूक काढा."

तेव्हापासून मला तुझा स्टो दिसतोय. मी दहा-बारा वर्षांची, तांदूळ निवडत बसलेय आणि स्टो नुसताच जळतोय. तू नळावरून येतेस, कळशी आदळतेस. "रॉकेल काय खाडीतून भरून आणतेस काय गो?" दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी. रेशनच्या रांगेत कॅन घेऊन तूच उभी राहायचीस, तुला राग येणारच. आणि तीच तू, मी बाळंतीण होऊन आले तेव्हा सव्वा महिना रोज हंडाभर पाणी कढत करायचीस, माझं अंग शेकून निघेपर्यंत. एवढं रॉकेल कुठून येतं, मी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी मला गरम जेवण वाढायचीस आणि म्हणायचीस, "मला उपास हाय." एकदा पाणी प्यायला उठले तर तू दाराआड सकाळचा थंड भात खात होतीस. मी पाहिलं आणि परत येऊन झोपले. तुझं ते खोटं माझ्यासाठी होतं गं. माझं रविवारचं खोटं कुणासाठी?

आज बुधवार. सकाळी विहीणबाईंचा फोन आला. "घाबरू नका, तशी बरी हाय ती. पण कालपासून पाय लय सुजलेत, डोकं दुखतंय म्हणते. पेणला डॉक्टरला दाखवायला आमच्याकडे आज गाडी नाय." रविवारीच आणली असती तर आज डोळ्यांसमोर असती. त्यात हायवेचे ते खड्डे! मी ह्यांना म्हटलं, आत्ता गाडी काढा. हे म्हणाले, "आणि शुक्रवारी?" मी म्हटलं, "शुक्रवारी गणपती एसटीने आणीन, नायतर डोक्यावरून आणीन, पण उठा!" तसे किल्ली घेऊन उठले. पेट्रोल भरायला गेलेत आणि पंपावर रांग असणार. मला नुसतं बसवत नाही, म्हणून हे लिहीत बसलेय. पिशवी भरून झाली, दोनदा उघडून परत भरली. तिचा फोन लागत नाहीये. आई, मला फार भीती वाटतेय.

हॉर्न वाजला. कागद पिठाच्या डब्याखाली सारते, तुझ्याकडे तो कसला पोचतोय. तिला गाडीत बसवलं की खरं काय ते सांगायचं, असं मघापासून मनाशी घोकतेय. पण तुला म्हणून सांगते, माझ्याच्याने होणार नाही. गाडी दुरुस्त होऊन आली, असंच म्हणेन.