आली का?

सोमवार, ४ तारीख

नोकरी लागली. सकाळी मालकांनी स्वतः फोन करून पक्कं सांगितलं आणि दुपारी मी टेबलावर हजर.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, एकामागे एक दोन खोल्या. बाहेर काउंटर, मालकांची खुर्ची आणि विजेचा बोर्ड. आत माझं टेबल. आतल्या खोलीला खिडकी नाही, पण जागा ऐसपैस आहे, आणि पंखा आवाज न करता फिरतो. समोरचा रस्ता खणून ठेवलाय. धूळ उडायला लागली की मालक शटर पार खाली घेतात. ते मोटरवर चालतं. लाईट गेली तर दांडा फिरवून उचलावं लागतं, आणि दांडा बाहेरच्या बाजूला. म्हणजे आतला माणूस आतच. मालक म्हणाले, तेवढीच तुम्हाला विश्रांती. गोड माणूस आहे. बोलण्यात वाघ, वायर दिसली की मांजर.

धाकटीला लगेच कळवलं. आई गेल्यापासून ती मामाकडे राहते आणि मामीचे टोमणे जेवणाआधी वाढले जातात. नोकरी टिकली तर ती कायमची माझ्याकडे. पुढच्या सोमवारी येते म्हणाली, थेट दुकानातच. वर विचारते कशी, की पेचकसवाल्या बाईंकडे दोन माणसांपुरता भात शिजतो ना? घंटा वाजवणं हिला माहीत नाही. पाऊल उंबऱ्यावर पडायच्या आधी ‘आले गं ताई!’ आत पोचलेलं असतं. कधी एकदा ऐकते असं झालंय.

मंगळवार, ५ तारीख

पहिलं काम दुकानाच्याच कॉम्प्युटरचं. कापड टाकून माझ्या टेबलाखाली ठेवला होता. बटण दाबलं की काहीच होत नाही. समोरचे शिंपीकाका रोज टोचतात म्हणे, की गावाचे डबे दुरुस्त करता आणि तुमचाच बंद, दिव्याखाली अंधार. मालकांच्या ते फार जिव्हारी लागलंय. त्यांनी दुकान सामानासकट विकत घेतलं तेव्हापासून तो असाच आहे.

सोप्यापासून सुरुवात केली. दुसरी वायर लावली, दुसरा प्लग, मागचं छोटं बटण वरखाली केलं. ढिम्म.

इथली एक जुनी पद्धत आहे. माझ्या टेबलाची लाईट बाहेरच्या बोर्डावरून येते आणि ती आहे की नाही हे दाखवणारा लाल दिवाही बाहेरच. त्यामुळे आतला ओरडून विचारतो, ‘आली का?’ बाहेरचा दिव्याकडे बघून ‘आली’ किंवा ‘नाही अजून’ सांगतो. ‘आली’ म्हटलं की आतल्याने हात बाहेर काढायचे. दुपारपर्यंत मला सवय झाली. मालक तर मुलीच्या सासरचे लोक यावेत तसं लांबवून ‘आलीऽऽ’ म्हणतात.

बुधवार, ६ तारीख

पॉवर सप्लाय सुटा काढून तपासला. हिरवी आणि काळी वायर पिनेने जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. म्हटलं, चोर सापडला. नवा सप्लाय बसवला, तरी डबा गप्पच.

दुपारी बाहेरच्या खोलीत डबा खात होते. मालक शिंपीकाकांकडे वाद घालायला गेलेले. आतून आवाज आला, ‘आली का?’ तोंडात घास होता. सवयीने दिव्याकडे बघितलं. लागलेला नव्हता. ‘नाही अजून,’ मी म्हटलं, आणि घास गिळल्यावर लक्षात आलं की आत बसणारी मीच.

जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. शिंपीकाकांचा रेडिओ असेल.

गुरुवार, ७ तारीख

आज सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

वायर काढून मांडीवर गुंडाळून ठेवली होती. आत उरलेली वीज निघून जावी म्हणून बटण बराच वेळ दाबून धरलं. हे आम्ही झोपेतही करतो. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या. मग हात आत घालून बटणाच्या पिना शोधत होते. मालक बाहेर खुर्चीत मोबाइल बघत होते.

टेबलाखालून, माझ्या गुडघ्यांपाशी, कोणीतरी विचारलं, ‘आली का?’

मालकांनीही ऐकलं. त्यांना वाटलं शिंपीकाका माझी चौकशी करतायत. मान वर न करता ते म्हणाले, ‘आली, आली, केव्हाच आली.’

डब्याचा पंखा फिरला. वायर माझ्या मांडीवर होती आणि पंखा फिरला. झटका खांद्यापर्यंत गेला. हात ओढला तर सुटेना. मग सुटला.

मालकांनी पाणी दिलं, घाबरून दोनदा सांडलं. म्हणाले, उरलीसुरली वीज असेल. मी मान हलवली. मनगट मात्र त्यांना दाखवलं नाही. वरच्या बाजूला चार बोटांचे वळ आहेत आणि खालून अंगठ्याचा.

शुक्रवार, ८ तारीख

शिंपीकाकांकडे गेले. मनगट बघून त्यांनी मशीन थांबवलं. एरवी चेष्टेशिवाय बोलत नाहीत, आज एकदाही केली नाही.

त्यांनी सांगितलं, की दुकान आधी एका नवराबायकोचं होतं. तो आत काम करायचा, ती बाहेर बसायची. त्या दिवशी त्यांची लेक बऱ्याच महिन्यांनी घरी यायची होती. लाईट गेली होती आणि तो हाच डबा उघडून बसला होता. त्याने आतून विचारलं, ‘आली का?’ त्याला लाईट विचारायची होती. बायको रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. तिला वाटलं लेकीचं विचारतोय. ‘नाही अजून,’ ती म्हणाली. पण तोवर लाईट परत आली होती, लाल दिवा लागलेला होता. त्याने हात आत घातला.

लेक तेवढ्यात पोचलीच. ‘बाबा, आले!’ म्हणत धावत आत गेली आणि बापाचा हात धरला. तीही चिकटली. काकांनी लाकडाने सोडवायचा प्रयत्न केला. म्हणाले, त्याची पकड सुटता सुटत नव्हती. दोघंही गेले.

मी विचारलं, हे मालकांना का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर दुकान कोण घेतं? त्या माऊलीला गाव सोडून जायचं होतं.

शनिवार, ९ तारीख

काम सोडते म्हणून सांगितलं. मालकांनी सोमवारी येऊन हत्यारं घेऊन जायला सांगितलं. रागावले नाहीत, उलट पेटी उचलून देतो म्हणाले.

आज त्याने दिवसभर विचारलं. मी उत्तर दिलं नाही. ‘नाही’सुद्धा नाही. त्याला लाईटचं विचारायचंच नाहीये. लाईट त्याला लागत नाही. लेक आली, एवढंच त्याला ऐकायचंय.

रविवार, १० तारीख

धाकटीचा फोन बंद. मामीने सांगितलं, ती निघाली, मैत्रिणीकडे मुक्काम करून उद्या दुपारी पोचेल. जाताना आमच्या पायासुद्धा पडली नाही, असंही म्हणाली.

उद्या लवकर जाऊन रस्त्यातच उभी राहीन. तिला दुकानाच्या पायरीला पाय लावू देणार नाही.

सोमवार, ११ तारीख

सकाळपासून रस्त्यावर उभी होते. फक्त पेटी घ्यायला आत आले. खणायचं यंत्र सुरू झालं. मालक बाहेरून ओरडले, धूळ येतेय, शटर घेतो, जेवून येतो. मी थांबा म्हणेपर्यंत खाली आलं.

आणि लाईट गेली.

मोबाइलच्या उजेडात लिहितेय. शटर बडवलं. यंत्राच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार. मालकांना फोन केला, तो इथेच काउंटरवर वाजला. धाकटीचा अजून बंदच.

टेबलाखालच्या डब्याचा पंखा फिरतोय. लाईट नाही, वायर नाही —

यंत्र थांबलं. जेवणाची सुट्टी असेल. बाहेर आता टाचणी पडली तरी ऐकू येईल. आतलंही बाहेर ऐकू जाईल.

रिक्षा थांबली. तिची बॅग. चाक मोडकं आहे, खडखडतं. ओळखते मी.

हाक मारू? हाक मारली तर ती काय म्हणेल? आजवर काय म्हणत आलीय? हाकेला ओ दिली की ती एकच —

हाक मारायची नाही. तोंडावर हात धरलाय. काकांनी बघावं, काकांनी तिला अडवावं —

पायरीवर आली. शटरवर टकटक करतेय. नुसतं टकटक. बोलली नाही अजून. शहाणी माझी, बोलू नकोस, बोलू —

त्याने विचारलं. पण आवाज त्याचा नाही. माझा आहे. अगदी माझा. आली का गं?

टकटक थांबली. ती हसतेय. आता ती म्हणेल, आ—