सातव्या मिनिटाआधीचं आमेन

प्रिय छकुले,

तुझ्या पाठांतराचा आवाज अजून कानात आहे. पलीकडच्या खोलीत तू शाळेची कविता म्हणायचीस, तिसऱ्या कडव्याशी अडखळायचीस, आणि मी दाराशी गप्प उभा राहायचो. तुझी ओळ तुलाच सापडू द्यावी, एवढं तेव्हा मला कळत होतं.

चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकांचा एकच नियम आहे: आमेन म्हणजे 'तसंच होवो', म्हणून प्रार्थना शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ते लिहायचं नाही. शनिवारी तू सात मिनिटांची प्रार्थना बोलून पाठवलीस. मी एका मिनिटात लिहिलं, 'आमेन. प्रार्थना आटोपशीर असावी.' चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्याची ही खोड. तीस जणांनी ते वाचलं. संध्याकाळी तू ग्रुप सोडलास, तर मी म्हटलं, हिच्या नाकावरच राग.

काल घर फार गप्प होतं. कुणाचा तरी आवाज असावा म्हणून तुझी प्रार्थना लावली. सातव्या मिनिटाला प्रार्थना थांबवून तू म्हणालीस, 'दादा, बुधवारी माझं ऑपरेशन आहे. भीती वाटते. येशील ना रे?'

त्याच्याखाली माझं आमेन.

आज मंगळवार. फोन करायला तोंड नाही. हे पत्रही बहुतेक टेबलाच्या खणातच राहील.

तुझा,
उतावळा दादा

ता. क. बेल वाजली म्हणून उठलो. अकरा वर्षं माझ्याशी न बोललेला तुझा नवरा दारात उभा होता. बूटही न काढता म्हणाला, "बॅग भरा. ती म्हणते, दादानं आमेन म्हटलंय, आता त्याची सुटका नाही."